वापरातला पलंग

मी छत्तीस वर्षं ग्वाल्हेरच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि प्रजननाचा धडा एकदाही 'घरी वाचून या' म्हणून सोडला नाही. बाकीच्या बाई सोडायच्या. त्या आठवड्यात कुणाला हटकून ताप यायचा, कुणाला प्रश्नपत्रिका काढायच्या असायच्या. मी फळ्यावर आकृती काढायची, अवयवांची नावं लिहायची, आणि मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली की म्हणायची, "हसून घ्या, मग वहीत उतरवा." या गोष्टीचा मला अजून अभिमान आहे. म्हणूनच हे सांगताना माझी फजिती आधी सांगायला हवी. एकोणसत्तराव्या वर्षी, माझ्याच घरात, माझ्याच मुलासमोर मी तो धडा गाळला.

गोष्ट आमच्या पलंगाची आहे. लग्नानंतरची पहिली चार वर्षं आम्ही शहराच्या लश्कर भागात सासरच्या घरी होतो. घरात अकरा माणसं. नवराबायकोला एकांत मिळायचा तो गच्चीवर वाळत घातलेले पापड राखायला दोघांना एकदम पाठवलं तर. मग रघुनाथरावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, थाटीपुरला सरकारी क्वार्टर मिळालं. तिथे आम्ही पहिली वस्तू करून घेतली ती शिसवी पलंग. सुताराने विचारलं, "साहब, चौड़ा कितना रखूँ? बच्चा भी सोएगा?" आमचा मुलगा सुश्रुत तेव्हा दोन वर्षांचा होता. रघुनाथराव पाटबंधारे खात्यात इंजिनियर, पण बोलायला भारी लाजाळू. परक्या माणसासमोर बायकोला नावाने हाकही मारायचे नाहीत. त्यांनी सुताराकडे न बघता सांगितलं, "नहीं. सिर्फ़ हम दोनों." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पुढचे पुष्कळ अपराध पोटात घातले.

निवृत्तीनंतर तिथूनच दोन गल्ल्या पलीकडे आमचं स्वतःचं घर झालं. पलंग मागच्या खोलीत आला आणि आम्हीही त्याच्याबरोबर आलो. गेल्या श्रावणापर्यंत सगळं सुरळीत होतं.

श्रावणात यांच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट बसले. दवाखान्यातून घरी आलो तर सुश्रुतने सगळी व्यवस्था करून ठेवलेली. बाबा बाहेरच्या खोलीत, नव्या सिंगल खाटेवर, उशाशी घंटी. मी आमची नात अवंतिका हिच्या खोलीत. आणि बाथरूमची नि मागच्या खोलीची आतली कडी काढून टाकलेली.

"आई, बाबा आत पडले-बिडले तर दरवाजा तोडना पड़ेगा न. सेफ्टी पहले," तो म्हणाला.

मुलगा गुणाचा आहे. दवाखान्यात चार रात्री खुर्चीवर बसून काढल्या त्याने. सून गरिमाही तशीच. माहेर हिंदी, पण आमच्यासाठी मराठी बोलते आणि यांच्या गोळ्यांच्या वेळा तिला माझ्यापेक्षा पाठ. रागवायचं तरी कुणावर?

यांची तब्येत महिन्याभरात सुधारली. आम्ही मात्र एकमेकांचे पाहुणे झालो. जेवलात का, गोळी घेतली का, पाय झाकून घ्या. याशिवाय बोलणं नाही. पंचेचाळीस वर्षं माझी पहाट त्यांच्या पाठीला पाठ लावून झाली होती, आता अवंतिकाच्या लाथा खाऊन व्हायला लागली. दिवाळीच्या आधी एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी त्यांच्या खाटेवर, उरल्यासुरल्या वीतभर जागेत बसले आणि म्हणाले, "अहो, मला तुमची आठवण येते."

"मी इथेच तर आहे."

"तेच तर म्हणतेय."

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "पद्मा, मला भीती वाटते. मधेच काही झालं तर? आणि या गोळ्यांनी... पूर्वीसारखं काही होईल असं मला वाटत नाही."

इतकं उघड ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मला इतकं बरं वाटलं की मी रडले. त्यांना वाटलं, मी निराश झाले. मग त्यांची समजूत घालण्यात ती दुपार गेली.

पुढच्या तपासणीला मी सुश्रुतला औषधं आणायला खाली पाठवलं आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, "डॉक्टर साहब, पति-पत्नी के संबंध में कोई परहेज़ है?" डॉक्टर पस्तिशीचा असेल. त्याने आधी फाइलवरचं वय पाहिलं, मग मला पाहिलं. पण शाबास त्याची, उत्तर नीट दिलं. ट्रेडमिलची तपासणी करू. ती ठीक आली आणि दोन मजले भरभर चढून दम लागला नाही, छातीत दुखलं नाही, तर खुशाल. ताकदीची म्हणून जी गोळी विकतात ती मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आणि चालू असलेली एकही आपल्या मनाने बंद करायची नाही. अडचण वाटली तर मला सांगा, डोस बदलून बघू. हे सगळं चालू असताना रघुनाथराव टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाचा कप्पा न् कप्पा निरखत होते. कान मात्र इकडेच होते, कारण जिना उतरताना विचारलं, "दोन मजले म्हणजे पायऱ्या साधारण किती?"

आमचं घर बैठं. मजले आणायचे कुठून? मी म्हटलं, किल्ला आहे की.

दिवाळीनंतर आम्ही रोज सकाळी ऑटोने किला गेटला जायला लागलो. तिथून वर जाणारी चढण चांगली उभी आहे. पहिल्या दिवशी पहिल्या दरवाजाच्या थोडं पुढे जाऊन बसलो. पुढच्या आठवड्यात त्याच्याही पुढे. शाळेच्या सहलीला मी ही चढण दीडशे मुलींना ओरडत चढलेली आहे, पण इतक्या जिद्दीने कधी नाही. ट्रेडमिलची तपासणी उत्तम आली. संक्रांतीच्या दिवशी आम्ही वरपर्यंत पोचलो. रघुनाथराव कठड्याला टेकले, स्वतःची नाडी मोजली आणि खाली पसरलेल्या शहराकडे बघत गालात हसले. मी काढलेला त्यांचा फोटो सुश्रुतने घरच्या ग्रुपवर टाकला. 'प्राउड ऑफ बाबा.' खाली चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही कशाची तयारी करतोय हे एकालाही ठाऊक नव्हतं.

एक काम राहिलं होतं. माझ्या वयात शरीर कोरडं पडतं. मी शिकवलेल्या पुस्तकात ते अर्ध्या ओळीत होतं, उपाय तर नव्हताच. तेव्हा दाल बाजारातून रवा-साखर आणायचं निमित्त काढून मी पुढच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले आणि जेली मागितली. दुकानदाराने आवाज खाली आणला. "अम्माजी, बहू के लिए?"

"नहीं भैया. मेरे लिए."

त्याने ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी कागद काढून त्याला परत केला आणि ट्यूब पिशवीत साखरेवर ठेवली.

सुश्रुत बँकेत जातो, गरिमा कॉलेजात, अवंतिका दोनला शाळेतून येते. अकरा ते दीड आमचं. मागच्या खोलीला कडी नव्हती, म्हणून रघुनाथराव गव्हाचा मोठा डबा सरकवत आणून दाराला लावायचे. पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तकाप्रमाणे काहीच झालं नाही. त्यांचा गुडघा अडला, माझ्या कमरेखाली दोन उशा लागल्या, तिसरी शोधताना चष्मा सापडला आणि आम्ही दोघं हसत सुटलो. तरी त्या दिवशी उठवेना. किती महिन्यांनी त्यांचा हात माझ्या पाठीवरून निवांत फिरत होता. पुढच्या वेळी जरा जमलं. त्याच्या पुढे आणखी. काही दुपारी नुसतंच जवळ पडून राहिलो, तेही पुरेसं वाटलं. घाई उरली नव्हती आणि एकमेकांना दाखवून द्यायचंही काही नव्हतं. काय आवडतं, काय दुखतं, हे मी तोंडाने सांगायला लागले आणि ते ऐकून घ्यायला लागले. तरुणपणी अकरा माणसांचे कान चुकवत, आवाज गिळत जे केलं, त्यापेक्षा हे चांगलं होतं. यात फुशारकी वाटली तर वाटू दे.

मग चैत्रात यांच्या पंचाहत्तरीच्या शांतीची बोलणी सुरू झाली. एका संध्याकाळी पानावर बसल्यावर सुश्रुत म्हणाला, "आई, बाद में मागच्या खोलीत अवंतिकाची स्टडी करूया. तू तिच्याजवळ आहेसच, बाबा बाहेर. तो पलंग देऊन टाकू कुणाला तरी. वापरात तर नाहीच आहे न."

मी तोंड उघडलं. समोर गरिमा पोळी वाढत होती, अवंतिका वरणभात कालवत होती. रघुनाथराव ताटात बघत होते. मला सांगता आलं असतं की आहे वापरात. निदान एवढं तरी सांगायचं की खोली आम्हाला हवीय. त्यातलं काहीच माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, "बघू."

मुलाच्या लेखी आईचं 'बघू' म्हणजे हो. मला रात्री स्वतःचीच लाज वाटली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना न लाजता शिकवलं, आणि घरात ताप आलेल्या बाईसारखी गप्प बसले.

शांतीचा विधी रविवारी सकाळी होता. अंगणात मांडव, चाळीसेक माणसं. यांच्या मोठ्या बहीण शांताताई मांडवात पहिल्या खुर्चीवर. वय एक्क्याऐंशी, पाठ अजून ताठ. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी या वन्संना वचकून आहे. त्यांच्या भुवया वर गेल्या की आजही मी पदर सारखा करते. आम्ही दोघं पाटावर बसलो. यांच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारलेली. होम झाला, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं, मग दानं सुरू झाली. दान कसं द्यायचं, तर यजमानांनी तळहातावर तुळशीचं पान धरायचं आणि पत्नीने त्यावर पळीने पाणी सोडायचं. पाणी सुटलं की दान पोचलं. पत्नीने सोडलं नाही तर काही पोचत नाही. तीळ, गूळ, तूप, वस्त्र, मी एकेकावर पाणी सोडत होते. मला ते काम आवडत होतं.

"आता शय्यादान," रमाकांत गुरुजी यादी बघून म्हणाले.

मी मान वर केली. चौघं जण मागच्या दाराने आमचा पलंग अंगणात आणत होते. वर कोरी चादर, नवी छत्री, चपलांचा जोड, पाण्याचा तांब्या.

"शय्यादान?" शांताताईंचा आवाज मांडवभर गेला. "अरे सुश्रुत, आपल्यात ते माणूस गेल्यावर देतात. तेराव्याला! तुला सांगितलं कुणी हे?"

सुश्रुतचा चेहरा पडला. "आत्या, मला काय माहीत! मी गुरुजींना फोनवर म्हटलं, एक पुराना पलंग है, वो भी दे देंगे. त्यांनी लिस्टमध्ये लिहून टाकलं."

"जिवंतपणीही देता येतं, काही हरकत नाही," गुरुजी घाईने म्हणाले. "वहिनी, सोडा पाणी."

यांचा तळहात पुढे झाला, सवयीने. तुळशीचं पान त्यावर होतं. पळी माझ्या हातात भरलेली होती.

मी पळी परत तांब्यात टाकली.

"गुरुजी, वापरातली वस्तू दान देतात का?"

"नाही, तशी नाही देत. पण सुश्रुत म्हणाले की..."

"सुश्रुतला माहीत नाही. पलंग वापरात आहे."

"आई, कोण वापरतं?" सुश्रुत गोंधळून म्हणाला. "बाबा बाहेर झोपतात, तू अवंतिकाजवळ..."

"दुपारी," मी म्हटलं. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला. "तुम्ही घरात नसता तेव्हा. मी आणि तुझे बाबा. आणि माणूस गेल्यावर पलंग देतात म्हणे. इथे दोन माणसं जिवंत आहेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी तिकडे बघितलं. "हसून घ्या," म्हटलं. हसणं थांबलं. आणि मग चाळीसच्या चाळीस डोकी रघुनाथरावांकडे वळली.

खरं सांगते, मी घाबरले ती तेव्हा. लोकांना नाही, त्यांना. त्या संध्याकाळी ताटात बघत बसले तसे आत्ता त्या तुळशीच्या पानाकडे बघत बसले असते, तर पलंग राहिला असता, पण त्यावर मी एकटीच राहिले असते.

त्यांनी पान ताम्हनात ठेवलं. ओला हात उपरण्याला पुसला. उभे राहिले, आणि गाठ मारलेली असल्यामुळे मलाही उभं राहावं लागलं.

"पद्मा म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. चाळीस माणसांसमोर त्यांनी माझं नाव घेतलं. "वापरात आहे. रोज म्हणता येणार नाही. पण आहे. सुश्रुत, हा पलंग करताना सुताराने मला विचारलं होतं, किती जणांसाठी. मी सांगितलं, फक्त आम्हा दोघांसाठी. त्यात अजून काही बदल नाही."

कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या त्यांच्या, पण मान वर होती. लग्नात मुंडावळ्या बांधून उभे होते तेव्हाही मला ते इतके देखणे वाटले नव्हते. मला त्यांचा असा अभिमान वाटला की कुठे बघावं कळेना, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

सगळ्यात आधी गुरुजी सावरले. "मग हे दान बाद," ते यादीवर काट मारत म्हणाले.

"बाद कशाला?" मी म्हटलं. "बाहेरच्या खोलीत नवी सिंगल खाट आहे. ती आम्हा दोघांच्याही उपयोगाची नाही."

गरिमाने तोंडावर पदर धरला होता. हसत होती की काय कळत नव्हतं. ती उठली. "मी गादी काढते, आई," म्हणाली आणि पळत आत गेली. खाट आली. छत्री, चपला, तांब्या तिच्यावर गेले. मी यांच्या हातावर पाणी सोडलं, चांगलं दोन पळ्या.

जेवणं झाल्यावर पलंग मागच्या खोलीत परत आला. मी चादर घालत होते तेवढ्यात शांताताई काठी टेकत आत आल्या आणि पलंगाच्या काठावर बसल्या. मी पदर सारखा केला.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले.

"माझी सून घरात आली त्या महिन्यात मी आमची अंथरुणं वेगळी केली. मी सत्तेचाळीसची होते. कुणी सांगितलं नव्हतं हं. आता बरं दिसत नाही, असं माझं मलाच वाटलं. आमच्या यांनी एकदा विचारलं, मी म्हटलं, काहीतरीच काय. पुन्हा त्यांनी विचारलं नाही." त्या शिसवी लाकडावरून हात फिरवत होत्या. "त्यानंतर ते एकोणीस वर्षं जगले, पद्मा."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"एकोणीस वर्षं," त्या पुन्हा म्हणाल्या.

दारात सुश्रुत उभा होता. हातात स्क्रूड्रायव्हर आणि गेल्या श्रावणात काढलेली कडी. नजर माझ्याकडे नाही, दाराच्या चौकटीकडे. त्याच्यामागे गरिमा दाराजवळच्या फरशीवरचे ओरखडे बघत होती. "अच्छा, म्हणून गव्हाचा डबा रोज जागा बदलतो," ती स्वतःशीच म्हणाली.

सुश्रुतने घसा साफ केला. "आई, बाहेरच्या दाराची दुसरी चावी मी ठेवतो, इमर्जन्सीसाठी. वैसे... खटखटाऊँगा पहले." मग चौकटीवर कडी धरून तो म्हणाला, "दोन स्क्रू बस होतील न?"

"चार लाव," शांताताई पलंगावरून म्हणाल्या. "आणि घट्ट पिळ."

त्याने चारही लावले. सगळे बाहेर गेले तेव्हा रघुनाथराव पाणी पिण्याच्या निमित्ताने आत आले, आणि मी कडी नीट बसते का ते आतून लावून पाहिलं.